वाचकांचे प्रश्न : वादळ नेमके काय मोडते?

वादळांविषयीची पत्रे या सदराकडे अधूनमधून येतच असतात; या खेपेस ती इतकी आली की सगळे सदर त्यांनाच द्यावे असे ठरवले. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रांतील मजकूर थोडक्यात घेतला आहे. वादळाची ताकद म्हणजे त्याचा ताशी वेग, या समजुतीवर बहुतेक पत्रे थांबलेली दिसली. तो आकडा महत्त्वाचा आहेच. पण वारा कशावर आदळतो, किती वेळ आदळत राहतो आणि सोबत काय घेऊन येतो, यावर नुकसानीचा मोठा भाग ठरतो.

प्रश्न : ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात घराला काही झाले नाही, १२० च्या वाऱ्यात मात्र छप्पर गेले. अवघ्या ३० किलोमीटरच्या फरकाने असे कसे होते?

उत्तर : वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि वेग तिप्पट झाला की नऊपट. समुद्रसपाटीजवळच्या एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलो असते. त्यावरून हिशेब केला, तर ताशी ६० किलोमीटरचा वारा समोर आडव्या आलेल्या सपाट पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १७ किलो वजनाइतका भार टाकतो. ९० चा वारा ३९ किलो, १२० चा ६९ किलो आणि २०० चा १९० किलोहून अधिक. म्हणजे ९० वरून १२० वर जाताना वेग एक तृतीयांशानेच वाढला, पण भार पाऊणपटीहूनही अधिक वाढला. दोन चौरस मीटरच्या बंद दारावर १२० च्या वाऱ्यात सुमारे १४० किलोंचा रेटा येतो, हे लक्षात घेतले म्हणजे कडी का निखळते ते कळते.

दुसरी गोष्ट सांध्यांची आहे. भार दुप्पट झाला म्हणून बांधकाम दुप्पट मोडते असे नाही. पत्र्याचा स्क्रू, वाशाचा खिळा, भिंतीत गाडलेला बोल्ट हे सर्व एका मर्यादेपर्यंत तग धरतात आणि त्यापुढे एकदम सुटतात. एक सुटला की त्याचा भार शेजारच्यावर जातो, मग तोही सुटतो, आणि काही सेकंदांत पूर्ण पाखे उचलले जाते. शिवाय वारा एकसारखा वाहत नाही, तो झोतांनी येतो. तासन्‌तास हिसके बसत राहिले की स्क्रूभोवतीचा पत्रा थकतो, त्याला बारीक चिरा पडतात आणि मग जो झोत एरवी सोसला गेला असता त्यातच तो फाटून निघतो. ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरावर १९७४ च्या नाताळच्या पहाटे ट्रेसी नावाचे चक्रीवादळ आले. आकाराने ते अगदी लहान होते, तरी शहरातील बहुसंख्य घरे निकामी झाली. पाहणीत पत्र्यांच्या या थकव्याचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले. त्यानंतर छपराचे पत्रे व त्यांची जोडणी एकदाच जोर लावून तपासण्याऐवजी हजारो वेळा हिसके देऊन तपासण्याची पद्धत तिथे रूढ झाली. पत्र लिहिणाऱ्या वाचकांच्या छपराने आधीच्या ९० च्या वाऱ्यात काहीच गमावले नव्हते असे खात्रीने म्हणता येणार नाही. चिरा त्या वेळीच पडल्या असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : एकाच वादळाचा वेग निरनिराळ्या संस्था निरनिराळा का सांगतात? खरा कोणाचा मानावा?

उत्तर : बहुतेक वेळा सर्वांचाच खरा असतो, सरासरी काढण्याचा काळ वेगळा असतो. जागतिक हवामान संघटनेची शिफारस जमिनीपासून १० मीटर उंचीवर १० मिनिटांची सरासरी घेण्याची आहे आणि जपानची हवामान संस्था तशीच सरासरी घेते. भारतीय हवामान विभाग ३ मिनिटांची, तर अमेरिकेतील संस्था १ मिनिटाची सरासरी देतात. काळ जितका लहान, तितका सरासरीतला सर्वाधिक आकडा मोठा निघतो. काही सेकंदांच्या झोताचा वेग तर जमिनीवर या सरासरीच्या दीडपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि घराचे दार मोडते ते झोताने. त्यामुळे बातमी वाचताना सांगितलेला वेग सरासरीचा आहे की झोताचा, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

याच कारणाने श्रेणींचीही सरमिसळ होते. भारतीय वर्गीकरणात ताशी ६२ किलोमीटरपासून 'चक्रीवादळ' धरले जाते आणि २२२ पासून पुढे 'महाचक्रीवादळ'. अमेरिकी सॅफिर-सिम्पसन मापनात पहिली श्रेणी ११९ पासून आणि पाचवी २५२ पासून सुरू होते. दोन्ही तक्ते शेजारी ठेवून सरळ तुलना करणे फसवे ठरते, कारण मोजण्याची रीतच वेगळी आहे.

विक्रमी वेगाविषयीही दोघांनी विचारले आहे. टोर्नेडो वगळता जमिनीवरच्या उपकरणाने नोंदवलेला सर्वाधिक झोत ताशी ४०८ किलोमीटरचा असून तो १० एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ऑलिव्हिया या चक्रीवादळात नोंदला गेला. जागतिक हवामान संघटनेने त्यास मान्यता दिली ती २०१० मध्ये. तोवर १९३४ साली अमेरिकेच्या माउंट वॉशिंग्टन शिखरावर नोंदलेला ३७२ किलोमीटरचा झोत अग्रस्थानी होता. एवढा मोठा आकडा चौदा वर्षे दप्तरात पडून राहतो, ही गंमतच म्हणायची.

प्रश्न : वावटळ, टोर्नेडो आणि चक्रीवादळ ही एकाच प्रकारची लहान-मोठी रूपे आहेत का?

उत्तर : नाहीत. तिन्हींत हवा फिरते, एवढेच साम्य. वावटळ निरभ्र आकाशाखाली तापलेल्या जमिनीवरून वर चढते, तिला ढग लागत नाही आणि बहुधा काही मिनिटांत ती विरते. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीपर्यंत पोहोचतो. त्याची रुंदी बहुधा काही शे मीटर असते, पण त्याच्या पट्ट्यात सापडलेले फारसे काही शिल्लक राहत नाही. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया भागात आलेल्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसे मृत्युमुखी पडली. टोर्नेडो हे फक्त अमेरिकेचे दुखणे आहे असे मानणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी. चक्रीवादळ उष्ण समुद्रावर जन्मते. समुद्राच्या वरच्या थराचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते, वरच्या आणि खालच्या थरांतील वाऱ्यांत फार तफावत नसावी लागते, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे हवेला मिळणारे वळण विषुववृत्तालगत फारच क्षीण असल्याने ते तिथे क्वचितच तयार होते. त्याचा व्यास शेकडो किलोमीटर आणि आयुष्य काही दिवसांचे असते.

या तिघांखेरीज चौथा प्रकारही आहे आणि लोक त्यालाच 'टोर्नेडो आला होता' असे अनेकदा म्हणतात. गडगडाटी ढगातून गार, जड हवेचा लोट थेट खाली कोसळतो आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरतो. तेत्सुया फुजिता या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात हा प्रकार ओळखला. अणुबॉम्बनंतरच्या नागासाकीत उन्मळलेली झाडे एका केंद्रापासून बाहेरच्या दिशेला पडलेली त्याने पाहिली होती; पुढे वादळग्रस्त जंगलांची हवाई पाहणी करताना तीच आकृती त्याला दिसली. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना एक विमान कोसळले, तेव्हा अशा लोटानेच त्याला खाली दाबले असा निष्कर्ष त्याने काढला. प्रथम त्यावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. नंतर हवेचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर रडारने असे लोट प्रत्यक्ष टिपले आणि विमानतळांवर त्यांची सूचना देणारी यंत्रणा आली. आपल्या परिसरात वादळ होऊन गेले असेल, तर पडलेली झाडे पाहावीत : ती एकमेकांत वळून, पिळवटून पडली असतील तर टोर्नेडोची शंका घ्यावी, सगळी एकाच दिशेला किंवा पंख्यासारखी पसरून पडली असतील तर ढगातून आलेल्या लोटाची.

प्रश्न : वादळात घराची एक बाजूची खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो, असे वडीलधारे सांगतात. ते योग्य आहे का?

उत्तर : योग्य नाही, आणि हा सल्ला धोकादायक आहे. वारा छपरावरून जाताना त्याचा वेग वाढतो आणि छपरावरचा दाब कमी होतो, त्यामुळे छप्पर वर ओढले जाते. वारा छप्पर ढकलून पाडतो असे आपण समजतो. हलकी छपरे बहुतेक वेळा वर खेचली जाऊनच उडतात. पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला पाच-सहा किलोच्या आसपास असते. १२० च्या वाऱ्यात त्याच क्षेत्रफळावर वरची ओढ काही दशक किलोंची असते, आणि छपराच्या कडा व कोपरे येथे भोवऱ्यांमुळे ती मधल्या भागाच्या दुप्पट-तिप्पट होते. म्हणूनच छप्पर कोपऱ्यापासून किंवा वळचणीच्या कडेपासून उसवायला लागते.

आता अशा वेळी वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडली, तर वारा आत शिरून घरात दाब निर्माण करतो. म्हणजे वरून ओढ आणि आतून रेटा, असे दोन्ही बळ एकाच दिशेने छपरावर येतात. फुग्यात फुंकर मारावी तसा हा प्रकार आहे. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची खिडकी उघडी ठेवली तर काय बिघडले, असे कोणी विचारील. पण चक्रीवादळ पुढे सरकते तशी वाऱ्याची दिशा काही तासांतच बदलते आणि सकाळची आडोशाची बाजू दुपारी तोंडावर येते. दाब सारखा होण्यापुरत्या फटी प्रत्येक घरात असतातच. बंद घर दाबाच्या फरकाने फुटते ही समजूत टोर्नेडोविषयीही आता तज्ज्ञ खरी मानत नाहीत. सगळी दारे-खिडक्या घट्ट लावून, शक्य तिथे बाहेरून फळ्या ठोकाव्यात. काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याने काच बळकट होत नाही. उलट फुटल्यावर तिचे मोठे, जड तुकडे पडतात.

छपराच्या आकाराविषयीही विचारणा आहे. चारी बाजूंनी उतार असलेले चौपाखी छप्पर दुपाखी छपरापेक्षा वारा अधिक चांगला सोसते, कारण दुपाखी घराची उंच त्रिकोणी भिंत वाऱ्याला सरळ आडवी येते. अगदी कमी उताराच्या छपरावर ओढ अधिक असते. साधारण ३० अंशांच्या आसपासचा उतार सोयीचा मानला जातो. भिंतीबाहेर फार पुढे आलेले पाखे खालून वारा पकडते, म्हणून ते आखूड ठेवावे. हे सर्व खरे असले, तरी आमच्या मते सर्वांत जास्त फरक पडतो तो पट्ट्यांनी : पत्रा वाशाला, वासा भिंतीला आणि भिंत पायाला धातूच्या पट्टीने किंवा सळईने अखंड बांधलेली असली पाहिजे. या साखळीतला एक दुवा जरी नुसत्या खिळ्याच्या भरवशावर असला, तर बाकीचे दुवे कितीही भक्कम असून उपयोग नाही. नवे घर बांधताना हा खर्च एकूण खर्चात फारसा जाणवत नाही. जुन्या घरात मात्र तो करायचे राहूनच जाते.

प्रश्न : वादळात मोठाले जुने वृक्ष उन्मळतात आणि नारळासारखी उंच, सडपातळ झाडे उभी राहतात, हे कसे?

उत्तर : वाऱ्यापुढे झाडाचा फांद्या-पानांचा विस्तार हे शीड आणि खोड ही तरफ. विस्तार जितका दाट आणि उंच, तितका बुंध्याशी येणारा बाक मोठा. नारळाला फांद्या नसतात, पाने वाऱ्याच्या दिशेने मिटतात, खोड लवते, आणि मुळे बारीक असली तरी असंख्य असून मातीचा मोठा गोळा धरून ठेवतात. मात्र नारळही पडतात. ते अजिंक्य आहेत असे समजू नये.

पुष्कळदा वाऱ्याइतकाच वाटा मातीचा असतो. १५-१६ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री इंग्लंडच्या दक्षिण भागात आलेल्या वादळाने सुमारे दीड कोटी झाडे पाडली. आधी झालेल्या पावसाने जमीन भिजून मऊ झाली होती आणि पानझडी वृक्षांची पाने अजून गळायची होती. तेच वादळ आणखी महिना-दीड महिन्याने आले असते, तर पानांचा भार नसल्यामुळे पुष्कळ झाडे वाचली असती. शहरांत यात माणसाची भर पडते : जलवाहिनी किंवा तारा टाकण्यासाठी खोदलेल्या चरांत एका बाजूची मुळे कापली जातात, बुंध्याभोवती काँक्रीट ओतले जाते, आणि 'धोका नको' म्हणून शेंडा सरसकट छाटला जातो. छाटलेल्या जागी फुटणाऱ्या फांद्या खोडाशी वरवर जुळलेल्या असल्यामुळे काही वर्षांनी त्याच प्रथम तुटतात. विस्तार ठिकठिकाणी विरळ करणे हा शेंडा उडवण्यापेक्षा चांगला उपाय आहे.

जंगलात नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. जानेवारी २००५ मध्ये स्वीडनमध्ये गुद्रुन वादळाने सुमारे ७.५ कोटी घनमीटर लाकूड आडवे केले. पडलेल्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षांत साल पोखरणाऱ्या भुंग्यांची वाढ झाली आणि पुढील काही वर्षांत त्यांनी उभी झाडेही मारली.

प्रश्न : चक्रीवादळात माणसे प्रामुख्याने वाऱ्याने दगावतात की पाण्याने?

उत्तर : इतिहासातील सर्वांत भीषण वादळांत बहुतेक मृत्यू पाण्याने झाले आहेत. नोव्हेंबर १९७० मध्ये बंगालच्या उपसागरातून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानवर आलेल्या भोला चक्रीवादळाने तीन ते पाच लाख माणसांचा बळी घेतला. त्याहून अधिक वेगाची वादळे पुष्कळ झाली आहेत. पण त्या रात्री समुद्र उथळ आणि सपाट त्रिभुज प्रदेशावर चढून आला, तोही भरतीच्या वेळी.

हे वादळी उधाण कसे निर्माण होते, याविषयी एक गैरसमज आहे. वादळाच्या केंद्रात हवेचा दाब कमी असल्यामुळे समुद्र तिथे फुगतो, हे खरे; परंतु दाब एक हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरला की पाणी सुमारे एक सेंटीमीटर चढते, एवढेच त्याचे प्रमाण आहे. दाब ६० हेक्टोपास्कलने उतरला तरी पाणी या कारणाने ६० सेंटीमीटरच वाढेल. बाकीचे कित्येक मीटर पाणी वारा किनाऱ्याकडे लोटत आणतो. समुद्र खोल असेल तर लोटलेले पाणी तळाकडून परत जाऊ शकते. उथळ असेल तर त्याला किनाऱ्यावर चढण्यावाचून वाट नसते. त्यातून किनारा नरसाळ्यासारखा निमुळता होत गेला असेल, तर पाणी आणखी उंचावते. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला या दोन्ही गोष्टी आहेत. म्हणून वाऱ्याचा वेग कमी असलेले पण आकाराने मोठे वादळ अशा किनाऱ्यावर जास्त घातक ठरू शकते. मोठ्या क्षेत्रावर, अधिक वेळ पाणी लोटले जाते. उत्तर गोलार्धात वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूला पाणी अधिक चढते, कारण तिथे फिरणाऱ्या वाऱ्याच्या वेगात वादळाच्या पुढे सरकण्याचा वेग मिळतो. आणि पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून अधिक दाट असते. कमरेइतक्या वाहत्या पाण्याचा जोर घराच्या भिंतीवर कोणत्याही वाऱ्यापेक्षा जास्त असू शकतो.

यात दिलासा देणारी गोष्ट अशी की, पाण्यापासून माणसाला दूर नेता येते. बांगलादेशात १९७२ पासून स्वयंसेवकांमार्फत गावोगाव सूचना पोहोचवण्याची यंत्रणा उभी राहू लागली. तरीही एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे गेली. त्यानंतर निवारे मोठ्या संख्येने बांधले गेले. २००७ च्या सिद्र वादळाचे वारे १९७० च्या वादळापेक्षा कमी नव्हते, पण मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली. तीही मोठीच आहे; तरी दोन्ही आकड्यांतले अंतर कळते.

प्रश्न : पूल आणि गगनचुंबी इमारती वादळात कशा टिकतात?

उत्तर : पडझडीतून शिकत शिकत. स्कॉटलंडमधील टे नदीवरील रेल्वेपूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री गाडीसह कोसळला. त्याच्या आराखड्यात वाऱ्याच्या भाराचा जवळजवळ विचारच नव्हता. त्यानंतर उभ्या राहिलेल्या फोर्थ पुलासाठी दर चौरस मीटरला सुमारे २७० किलोंचा वारा गृहीत धरला गेला. पुढे असे दिसले की नुसता भार मोजून भागत नाही. अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी अवघ्या ६४ किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून तुटला. अनुनादाने, म्हणजे वाऱ्याच्या झोतांचा ताल पुलाच्या स्वतःच्या हेलकाव्यांशी जुळल्याने तो पडला, असे पाठ्यपुस्तकांत आजही वाचायला मिळते. प्रत्यक्षात पुलाची अरुंद, लवचिक पट्टी पिळत असताना त्या पिळण्यामुळेच वाऱ्याकडून तिला आणखी ऊर्जा मिळत गेली. वाऱ्याचे झोत ठरावीक तालात येण्याची गरजच नव्हती. १ नोव्हेंबर १९६५ रोजी इंग्लंडमधील फेरीब्रिज वीजकेंद्राच्या आठ शीतकरण मनोऱ्यांपैकी तीन कोसळले, आणि तेही मागच्या रांगेतले. पुढच्या मनोऱ्यांनी त्यांना आडोसा दिला नाही, मधल्या फटींतून वारा दाबून त्यांच्यावरच सोडला. तेव्हापासून मोठ्या बांधकामाची प्रतिकृती शेजारच्या इमारतींसह वातबोगद्यात, म्हणजे कृत्रिम वारा सोडलेल्या बोगद्यात, तपासण्याचे महत्त्व सर्वांना पटले.

उंच इमारत वाऱ्यात हलणारच. ती किती आणि कशी हलावी, हे ठरवता येते. कोपरे गोलावणे, उंचीनुसार आकार बदलत नेणे, अशा युक्त्यांनी भोवरे एका तालात सुटू दिले जात नाहीत. तैवानमधील तैपेई १०१ या इमारतीत ६६० टनांचा गोळा टांगलेला आहे, तो इमारतीच्या विरुद्ध झुलून तिचे हेलकावे कमी करतो. ऑगस्ट २०१५ मधील सौडेलोर वादळात तो सुमारे एक मीटर झुलला होता.

प्रश्न : जोराच्या वाऱ्यात पवनचक्क्या जास्त वीज देत असतील ना?

उत्तर : एका मर्यादेपर्यंतच. सेकंदाला १२ ते १५ मीटर वेगाच्या वाऱ्यात बहुतेक पवनचक्क्या पूर्ण क्षमतेला पोहोचतात आणि २५ मीटरच्या, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या सुमारास त्या बंद केल्या जातात. पाती अशी वळवली जातात की त्यांची धार वाऱ्याकडे राहते.

प्रश्न : शेताला वाऱ्यापासून वाचवण्यासाठी भिंत चांगली की झाडांची रांग?

उत्तर : झाडांची रांग, आणि तीही फार दाट नको. सलग भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरे करीत खाली उतरतो आणि थोड्याच अंतरावर पीक लोळवतो. साधारण निम्मी पोकळ असलेली रांग वाऱ्याला काही प्रमाणात आरपार जाऊ देते, त्याचा वेग मोडते आणि भोवरेही टाळते. तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत चांगले संरक्षण मिळते आणि विरळ होत ते वीसपटीपर्यंत जाणवते. म्हणजे दहा मीटर उंचीच्या झाडांमागे शंभर मीटरचा पट्टा बऱ्यापैकी सुरक्षित असतो. रांगेत खिंडार पडू देऊ नये, कारण तेथून वारा उलट अधिक जोराने घुसतो.

वाऱ्याने उभे पीक पडते ते सर्वांना दिसते; माती जाते ते सहसा दिसत नाही. वाळूच्या आकाराचे कण वाऱ्याने उड्या मारत पुढे जातात आणि प्रत्येक उडीच्या शेवटी आदळून बारीक कण हवेत उडवतात. सुपीकता त्या बारीक कणांत असते. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात गवत नांगरून टाकल्यावर १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि उघडी जमीन उडू लागली; १४ एप्रिल १९३५ च्या धुळीच्या वादळाने भर दिवसा अंधार केला. त्याच महिन्यात मृदासंधारणाचा कायदा झाला, आणि १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडांच्या वातरोधक रांगा लावल्या गेल्या. किनाऱ्यालगतच्या शेतात वादळाबरोबर खारे पाणी आले असेल, तर घाईने पेरणी करू नये. आधी गोड्या पाण्याने क्षार धुऊन निघू द्यावेत.

प्रश्न : वादळांचा काही उपयोगही असतो का?

उत्तर : असतो. चक्रीवादळे कोरड्या प्रदेशांना पाऊस देतात आणि समुद्र ढवळून खालची पोषकद्रव्ये वर आणतात, त्यामुळे त्यांच्या मागे वनस्पतीप्लवकांची (समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची) वाढ झालेली उपग्रहचित्रांत दिसते. सहारातून उडणारी धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते आणि दर वर्षी सुमारे २२ हजार टन फॉस्फरस तिथे पोहोचवते. पावसाने वाहून जाणाऱ्या फॉस्फरसची जवळपास तेवढीच भरपाई होते. ज्यांचे घर गेले त्यांना हे सांगण्यात अर्थ नाही, पण प्रश्न विचारला म्हणून नोंदवले.

प्रश्न : तापमानवाढीमुळे वादळांची संख्या वाढत आहे, असे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : संख्येविषयी तसे ठामपणे म्हणता येत नाही. हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार गेल्या चार दशकांत एकूण चक्रीवादळांतील तीव्र वादळांचे प्रमाण बहुधा वाढले आहे. वादळांतला पाऊसही वाढतो, आणि त्यामागचे कारण सरळ आहे : तापमान एक अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते. समुद्राची पातळीही १९०१ ते २०१८ या काळात सरासरी २० सेंटीमीटरने वाढली आहे, त्यामुळे पूर्वीइतकेच उधाण आता अधिक आत येते.

आम्हाला सर्वांत काळजीची बाब वाटते ती वादळ झपाट्याने बळावण्याची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेक्सिकोच्या किनाऱ्याकडे निघालेले ओटिस साधारण एका दिवसात सामान्य वादळापासून पाचव्या श्रेणीत पोहोचले आणि २५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर अकापुल्को शहरावर आदळले. रात्री झोपताना किरकोळ वाटलेले वादळ पहाटे असे रूप घेणार असेल, तर स्थलांतरासाठी वेळच उरत नाही.

प्रश्न : वारा थांबल्यावर लगेच घराबाहेर पडावे का?

उत्तर : वारा एकाएकी पडला आणि आकाश उजळले, तर मुळीच पडू नये. तो बहुधा वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग असतो. तो डोक्यावरून सरकला की वारा उलट दिशेने, तितक्याच जोराने सुरू होतो, आणि आधी एका बाजूने खिळखिळे झालेले घर दुसऱ्या बाजूने मार खाते. वादळ पूर्णपणे निघून गेल्याची अधिकृत सूचना मिळेपर्यंत आतच थांबावे.

त्यानंतरही धोका टळलेला नसतो. २०१७ मध्ये मारिया वादळानंतर कॅरिबियन समुद्रातील प्वेर्तो रिको बेटावर मृतांचा अधिकृत आकडा ६४ होता. वर्षभराने झालेल्या अभ्यासानंतर शासनाने तो २९७५ असा स्वीकारला. त्यांतील बहुतेक लोक वादळाच्या रात्री गेले नव्हते. वीज, औषधे आणि दवाखाने महिनोन्‌महिने सुरळीत न झाल्याने गेले. ज्यांना नियमित औषधे लागतात त्यांनी किमान काही आठवड्यांचा साठा आधीच करून ठेवावा, आणि ज्यांचे उपचार विजेवरच्या उपकरणांवर चालतात त्यांना वादळापूर्वीच दुसरीकडे हलवावे. पडलेली तार मेलेली आहे असे कधीही धरून चालू नये. ती ओल्या जमिनीलाही वीज देत असते, म्हणून पुष्कळ दूर राहून वीज कंपनीला कळवावे. जनरेटर घरात, पडवीत किंवा खिडकीजवळ चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि वादळानंतर दारे-खिडक्या लावून झोपलेल्या कुटुंबांचे मृत्यू त्याने जवळजवळ प्रत्येक मोठ्या वादळानंतर झालेले आहेत.